आधी जगलेलं जनावर

यादव विधातेला मी बावीस वर्षं ओळखतो. अंबडच्या ज्या कारखान्यात पोल्ट्रीच्या शेडला लागणारे मोठे पंखे बनतात, तिथं आम्ही दोघंही कामाला. मी, ललित, स्टोअरला आणि तो फिटर. पंखे टेम्पोत घालून न्यायचे, शेडच्या भिंतीत बसवायचे, वायरिंग जोडायचं, चालू करून दाखवायचे आणि मालकाची सही घेऊन परत यायचं, हे त्याचं काम. दिंडोरी, सिन्नर, इगतपुरी, सगळीकडे त्याने बसवलेले पंखे फिरतायत.

तो मूळचा मखमलाबादचा. घरच्या तुकड्यात भाऊ मेथी-कोथिंबीर काढतो. यादवचं मन मातीत कधी रमलं नाही, ते मशिनीत रमलं. बोलायला मोकळा आणि खायला त्याहून मोकळा. रविवारी सकाळी चिकनच्या दुकानापुढे पहिल्या पाचात तो उभा असायचाच. सुवर्णावहिनी काळ्या मसाल्याचा रस्सा असा करायच्या की सोमवारी त्याचा डबा उघडला की आम्ही चारजण आपापली भाजी बाजूला सारायचो.

एक गोष्ट मात्र त्याला स्वतःलाही कधी खटकली नव्हती. इतकी वर्षं पोल्ट्रीच्या धंद्यात काढून त्याने भरलेली शेड आतून पाहिली नव्हती. पंखे बसतात ते रिकाम्या शेडमध्ये. आधीची बॅच गेलेली असते, नवी यायची असते, भिंतींना ताजा चुना मारलेला असतो. त्याला ठाऊक असलेली कोंबडी म्हणजे दुकानाच्या जाळीतली, नाहीतर ताटातली.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात भर दुपारी सिन्नरकडून फोन आला. धोंडीराम नवले नावाच्या शेतकऱ्याची शेड होती, यादवनेच तीन महिन्यांपूर्वी तिथं पंखे बसवले होते. "लाइट गेली, जनरेटर चालू झालं, पण पंखे फिरंनात. पक्षी मरायला लागले. लवकर या," एवढंच ते बोलले. यादव मोटारसायकलवर निघाला. तो पोचेपर्यंत तास होऊन गेला होता. पॅनल उघडलं तर जनरेटरकडून येणारी एक वायर जळून काळी पडलेली. ज्या स्क्रूखाली ती दाबलेली असते तो पुरता आवळलेलाच नव्हता. आवळणारा हात यादवचाच होता. त्या दिवशी टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता आणि जेवायचं राहिलं होतं, एवढं त्याला आठवलं.

त्याने वायर कापून नव्याने जोडली. पंखे फिरले. मग तो दार उघडून आत गेला.

आतलं त्याने मला पुढे कितीतरी वेळा सांगितलं, आणि दरवेळी तो मेलेल्यांबद्दल कमी आणि जिवंत राहिलेल्यांबद्दल जास्त बोलायचा. मेलेले भिंतीशी ढिगाने पडले होते. जिवंत होते ते चोची उघड्या टाकून बसले होते. त्याने एक पक्षी उचलून पायांवर उभा केला. तो बसला. पुन्हा उभा केला, पुन्हा बसला. छातीखालची पिसं बसून बसून झडलेली, पाय वाकडे, अंग मात्र भरलेलं.

"उन्हानं असं झालं का ह्यांना?" त्याने विचारलं.

"नाय हो," धोंडीराम म्हणाले. "अडतिसावा दिवस हाय. ह्या वजनाला असंच राहतंय त्यांचं. परवा गाडी येणार होती न्यायला."

यादवने तिथंच सांगून टाकलं, "मालक, स्क्रू माझ्याकडून ढिला राहिला होता."

"आता हे ऐकून मी काय करू?" धोंडीराम म्हणाले. मग, "हात लावा जरा. खड्ड्याकडं न्यायचीत."

संध्याकाळपर्यंत यादव खाद्याच्या रिकाम्या गोण्यांत पक्षी भरून वाहत होता. खड्ड्यात काही हलत होते. तो तिथल्या मजुराला म्हणाला, "अरे, यातल्या जित्या आहेत काही." मजूर म्हणाला, "किती निवडणार तुम्ही?" आणि यादवनेही निवडल्या नाहीत. पुढची गोणी आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने सुपरवायझरलाही खरं ते सांगितलं. कंपनीने पॅनल बदलून दिलं, त्याला चार शब्द सुनावले आणि विषय संपला. "काहीतरी शिक्षा व्हायला पाहिजे होती, ललित," तो मला म्हणाला. "मग मोकळं तरी वाटलं असतं."

त्या रविवारी सुवर्णावहिनींनी नेहमीसारखा रस्सा केला. यादव पाटावर बसला, वाटीकडे बघत राहिला आणि भाकरी दुधात कुस्करून खाऊन उठला. पुढे दोन महिने असंच चाललं. बाहेर गेलो की डाळ मागवायचा. पंखे मात्र बसवतच होता, कारण दुसरं कुठलं काम त्याला येत नव्हतं. रिकाम्या शेडमध्येही त्याला आता बरं वाटत नसे. "आपण ह्यांना हवा देतो म्हणून मालकाला एका शेडमध्ये एवढे कोंबता येतात," असं एकदा म्हणाला. मी म्हटलं, "पोटापाण्याचं काम आहे, एवढा विचार नको करू."

आखाडात त्याला पेठ रस्त्यावरच्या एका आश्रमशाळेत स्वयंपाकघराचा पंखा बसवायला पाठवलं. परत येताना सावळघाटाच्या अलीकडे एक म्हातारा-म्हातारी रस्त्याकडेला इरलं घेऊन बसलेली दिसली. पुढ्यात टोपली आणि तिच्यात काळे, चकचकीत खेकडे. म्हाताऱ्याचं नाव चिमाजी भोये, म्हातारीचं कलाबाई. मागच्या उतारावरच्या पाड्यात त्यांचं घर. पावसात भात-नागली करायची, हिवाळ्यात द्राक्षाच्या कामाला पिंपळगावकडे जायचं, असं त्यांचं वर्ष.

"कुठले आहेत, बाबा?" यादवने विचारलं.

"हे काय, खालच्या ओढ्याचे."

चिमाजी एकेक खेकडा उलटा करून बघून पळसाच्या पानांत बांधत होते. एक मादी त्यांनी बाजूच्या मडक्यात टाकली. यादवला ती मोठी दिसली म्हणून त्याने मागितली.

"ही नाय देत," चिमाजी म्हणाले. "हिच्या पोटाशी पिलं हायत. चुकून आली. जाताना सोडायची."

"आणि ओढ्याला खाली डोह असेल, त्यात अजून असतील की?"

"हायत ना. पण तिकडं आम्ही नाय जात. ते ओढ्याचं."

यादव तिथं बराच वेळ उभा राहिला. मग टोपलीतले होते नव्हते तेवढे, डझनभर खेकडे घेऊन तो घरी आला. सुवर्णावहिनींनी नांग्या ठेचून त्यांचा रस गाळला आणि कालवण केलं. त्या दिवशी यादव भरपेट जेवला. वहिनींना इतका आनंद झाला की त्यांनी आमच्या घरी डबा पाठवला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत तो मला म्हणाला, "माझं कोडं सुटलं, ललित. खायला हरकत नाही, पण जनावर आधी जगलेलं पाहिजे. हा खेकडा स्वतःच्या पायांनी चालला, बिळात राहिला, पावसात बाहेर आला. एकदाच मेला. आपली कोंबडी अडतीस दिवस नुसती मरतच असते."

हे बोलणं आमच्या सगळ्यांच्या मनात बसलं. कारण खरं सांगायचं तर आम्हाला ते सोयीचंही होतं. खायचं सोडायचं नव्हतं, आणि खाताना चांगलंही वाटणार होतं. पुढच्या शनिवारी यादवने सहाजणांचे खेकडे आणले. श्रावणात सगळं थांबलं, गणपती उठल्यावर पुन्हा सुरू झालं. पुढच्या वर्षी आखाड लागायच्या आत त्याने मोबाइलवर 'रानातलं' नावाचा ग्रुप काढला. शेजारच्या दोन कंपन्यांतले लोक आले, त्यांचे साडू-मेहुणे आले, एक डॉक्टर आले, सिडकोतल्या जिमचा मालक आला. यादव स्वतःसाठी त्यात काही ठेवत नसे. कुणी ब्रॉयलर खाणारा भेटला की त्याला सिन्नरची शेड सांगायची आणि ग्रुपमध्ये घ्यायचं, हे त्याचं व्रतच झालं. मला वाटतं, खड्ड्यातून एकेक पक्षी वर काढल्यासारखं त्याला होत असावं.

त्याची मुलगी पल्लवी तेव्हा बारावीला होती. ती एकदा त्याला म्हणाली, "पप्पा, नाशिकमधल्या सगळ्यांनी रानातलंच खायचं ठरवलं, तर रान किती दिवस पुरेल?"

"सगळे कुठं खाणारेत?" यादव हसून म्हणाला. "आपण पन्नास-साठ माणसं."

शनिवारी सकाळी तो आठ-आठ किलो सांगायचा. मग दहा किलो. चिमाजी फोनवर कधी नाही म्हणाले नाहीत. सुरुवातीला म्हणायचे, "बघतो भाऊ, घावले तर." मग नुसतं "बरं" म्हणायला लागले. खेकडे लहान यायला लागले तेव्हा ग्रुपवर तक्रार आली, आणि यादवने चिमाजींना सांगितलं, "बाबा, जरा मोठे बघा ना." ते पुन्हा "बरं" म्हणाले.

तिसऱ्या वर्षी आखाडातल्या शेवटच्या शनिवारी माझं पुडकं घ्यायला मी त्याच्या घरी गेलो होतो. ग्रुपवर त्या आठवड्यात उड्या पडल्या होत्या. वहिनींनी ओट्यावर पोतं मोकळं केलं, एक मोठा खेकडा उचलून नळाखाली धरला आणि त्याच्या पोटाची झडप उघडली. त्यातून मोहरीएवढी पिल्लं सांडली. शेकड्याने. ओट्यावर, भांड्यांत, खाली फरशीवर पसरली आणि चालायला लागली. वहिनी ओरडल्या. यादवने दुसरा उलटा केला, तिसरा केला. पोत्यात निम्म्याहून जास्त माद्या होत्या, आणि बहुतेकींच्या पोटाशी पिल्लं होती.

यादव गुडघ्यांवर बसून ती पिल्लं कागदावर गोळा करायला लागला. बोटांना लागली की चिरडत होती. "पाणी आण, बादली आण," तो म्हणत होता. मीही खाली बसलो. आम्ही दोन बादल्या भरल्या, माद्या त्यांत ठेवल्या आणि रिक्षा करून थेट गोदावरीवर, सोमेश्वरच्या बाजूला गेलो. तिथल्या पाण्यात ती सोडली. डोंगरातल्या ओढ्याची ती पिल्लं त्या पाण्यात जगली असतील का, हे मला माहीत नाही. यादवनेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तो एकटाच पेठ रस्त्याने गेला. तिथं काय झालं ते त्याने मला सोमवारी सांगितलं, एका दमात, डबा न उघडता.

चिमाजी घरीच होते. यादवने काही विचारायच्या आतच ते म्हणाले, "तुम्हाला कळलं असंल."

"बाबा, तुम्हीच म्हणाला होतात ना, ती सोडायची म्हणून?"

"म्हणालो होतो," चिमाजी म्हणाले. "तुम्ही दहा किलो म्हणालात. वरच्या अंगाला कायच नाय राहिलं. मग खालच्या डोहात गेलो. पाड्यातले दुसरेपण यायला लागले, त्यांनाही गिऱ्हाईक भेटलं. मी नाय धरली तर ते धरणार. मग मी उलटं करून बघायचंच सोडलं. बघितलं की सोडावं लागतं."

"तुम्ही मला नाही म्हणायचं होतंत."

"तुम्ही आमच्याकडं आलात, दोन वरसं आलात. पावसात एवढ्या लांबून येणाऱ्या माणसाला नाय कसं म्हणायचं?"

यादव म्हणाला, चिमाजींच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. उलट आपल्याच हातून पाप घडल्यासारखं ते बोलत होते, आणि तेच त्याला ऐकवेना. दोघंही ओढ्यावर गेले. पाणी भरपूर होतं. चिमाजींनी दोन-तीन दगड उलटून दाखवले. खाली काहीच नव्हतं.

परत आले तेव्हा कलाबाईंनी पान वाढलं होतं. नागलीची भाकरी आणि लालभडक रस्सा. यादवने वास ओळखला.

"बसा भाऊ," कलाबाई म्हणाल्या. "आधी पाहुणा आला की खेकड्याचं कालवण करायचो. आता तेवढं कुठं घावतंय? करंजाळीवरून कोंबडी आणली. आता आम्ही पण तीच खातो, दुकानातली."

यादव मला म्हणाला, "ललित, मी उठून जाऊ शकलो असतो. पोट बिघडलंय म्हणालो असतो. पण त्या माउलीनं माझ्यासाठी दोन कोस चालून कोंबडी आणली होती. आणि तिला दुकानात पाठवणारा मीच. ओढा होता तोवर तिला दुकानाची गरज नव्हती."

"मग?"

"खाल्ली. सगळी खाल्ली. दोन वर्षांनी खाल्ली, आणि चव चांगली लागली. ते जास्त लागलं मला."

त्याने त्याच दिवशी ग्रुप बंद केला. बंद करण्याआधी खरं काय झालं ते सगळं लिहिलं, स्वतःचं नाव घालून लिहिलं. लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. दोघा-तिघांनी विचारलं, मग आता चिमाजींचा नंबर थेट देता का? त्याने दिला नाही, पण नंबराची गरज कुणाला होती? रस्ता सगळ्यांना ठाऊक झाला होता. महिन्याभरात जिमच्या मालकाने स्वतःचाच दुसरा ग्रुप काढला.

चिमाजींचा त्याला एकदा फोन आला होता. गणपतीनंतर. "भाऊ, आता यायचं नाय का?" त्यांनी विचारलं. शनिवारचा आधार तुटला होता त्यांचा, हे यादवला त्या प्रश्नातच समजलं. तो म्हणाला, "येईन बाबा, पण न्यायला नाही." त्यावर चिमाजी म्हणाले, "बरं." या 'बरं'चा अर्थ काय लावायचा, यावर यादव कितीतरी दिवस माझ्यापाशी बोलत होता. घेत राहिलो तर ओढा जातो, थांबलो तर म्हाताऱ्याच्या घरात कमी पडतं. "मी तिथं गाडी थांबवलीच नसती तर बरं झालं असतं," तो म्हणायचा. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणायचा, "पण तेही खरं नाही. मग मी इथं ब्रॉयलर खात बसलो असतो."

यंदा पाड्याने मिळून ठरवलं, आखाड आणि श्रावण दोन्ही महिने ओढ्यात कुणी हात घालायचा नाही, आणि बाहेरून येणाऱ्याला द्यायचं नाही. पाड्यातल्यांनी पाळलंही, बऱ्यापैकी. पण शनिवार-रविवारी नाशिकच्या गाड्या येतच होत्या, थांबत होत्या, जास्त देतो म्हणत होत्या. चिमाजींना त्यांच्याशी बोलता येईना. ते यादवला म्हणाले, "तुमचीच माणसं हायत, तुम्हीच सांगा त्यांना." तेव्हापासून यादव शनिवारची अर्धी सुट्टी टाकून तिथं जाऊन उभा राहायला लागला.

हे मला नंतर कळलं. कारण त्याने मला सांगितलं नव्हतं, आणि मीही त्याला माझं सांगितलं नव्हतं. आखाडातला दुसरा शनिवार होता, रविवारी मेहुणे जेवायला यायचे होते, बायको म्हणाली खेकडे मिळाले तर बघा. मी मोटारसायकल काढली आणि सावळघाटाचा रस्ता धरला. मनात म्हटलं, एका किलोने काय होतंय?

वळणावर रेनकोट घालून माणूस उभा होता. जवळ गेल्यावर ओळखलं. त्यानेही मला ओळखलं. गाडी वळवायला जागा नव्हती, नाहीतर मी तिथूनच परत फिरलो असतो.

"खेकडे नाहीत, ललित," तो म्हणाला. परक्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशा आवाजात. मग, "चहा घेणार?"

कलाबाईंनी कोरा चहा दिला. आम्ही पडवीत बसलो. मी काहीतरी कारण सांगायला लागलो, मेहुण्यांचं, बायकोचं. तो म्हणाला, "राहू दे. मी काय तुला शिकवणार?" चिमाजींनी सांगितलं की परवा एका दगडाखाली बारके खेकडे दिसले, नखाएवढे. ते सांगताना त्यांना आनंद झाला होता. यादवने विचारलं, "कुठल्या दगडाखाली?" आणि दोघं त्याच्यावरच बोलत बसले. मी चहा संपवला आणि निघालो.

घरी मेहुणे यायचेच होते. पेठ नाक्यावर मी गाडी थांबवली आणि दीड किलो ब्रॉयलर घेतलं. दुकानदाराने जाळीतून एक काढून तराजूवर ठेवली. तिचे पाय बघायचे नाहीत असं मी ठरवलं होतं, पण नजर गेलीच. सोमवारी यादवने डब्यात चवळीची उसळ आणली होती. माझ्या डब्यात कालचं चिकन होतं. मी डबा उघडला नाही, भूक नाही म्हणालो. त्याने आपली उसळ अर्धी माझ्या झाकणात काढून दिली.